शेऱ्याचा रकाना

बोरकुटे सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं:
मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, आभार, अनुक्रमणिका,
मग संस्थेची ओळख. डावीकडे दीड इंच सोडा,
स्पायरलसाठी.
आणि ‘मी’ कुठंही यायला नको.
‘निरीक्षण करण्यात आले’ असं लिहायचं.

सहा आठवडे, चिखलमेंढ्याचं तेहतीस केव्ही उपकेंद्र,
भर मे महिना,
कुंपणापलीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या
आणि मोहावर बसून
आमच्याकडे टक लावून पाहणारी माकडं.
निरीक्षण कुणी केलं म्हणायचं मग?

सीनियरचा रिपोर्ट मागून आणला.
त्यानंही मागूनच आणलेला असावा:
पान नऊवर ट्रान्सफॉर्मर पाच एमव्हीएचा,
पान चौदावर दहाचा,
पान वीसवर चक्क बल्लारपूरचा पत्ता.
निष्कर्ष मात्र बिनचूक,
‘सदर प्रशिक्षणातून बहुमोल ज्ञान प्राप्त झाले.’
मी तेच उतरवलं, तीनदा वाचलं,
त्यात चिखलमेंढा कुठंच सापडेना.

ऑपरेटर डोमाजी नैताम.
पुढ्यात लांबट रजिस्टर,
दर तासाला एक ओळ: व्होल्ट, अँपिअर, तेलाचं तापमान.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, दोन बोटं रुंद.
तेवढ्यात ते अख्खी रात्र बसवतात:
‘०२.१० ट्रिप. गावठाण फीडर. उदमांजर.
०२.५५ चालू.’

‘एवढंच?’
‘अजून काय लिवतं वो पोरी?
कवा गेली, काहून गेली, कवा आली.
गावाले तेवढंच पायजे.’

त्या रात्री ‘उपकेंद्राचे महत्त्व’ अडीच पानं फाडली.
उरलेलं पुन्हा लिहिलं, वेळ आधी, कारण मागून.
अठरा तारखेपाशी अडले.
त्या दिवशी अर्थ रॉड न लावताच
मी पुढं निघाले होते
आणि डोमाजींनी ओढणी धरून खेचलं होतं.
‘मागे ओढण्यात आले’ लिहून पाहिलं.
कोणी ओढलं, ते हवंच होतं.
कोण चुकलं, तेही.
तेवढा एक ‘मी’ राहू दिला.

आभाराचा क्रम ठरलेला:
प्राचार्य, विभागप्रमुख, कार्यकारी अभियंता.
डोमाजी ‘इतर कर्मचारीवृंद’ मध्ये.

बाइंडिंग झाल्यावर दाखवायला नेला.
त्यांनी आभार उलटले, प्रस्तावना उलटली,
अठरा तारीखही उलटली,
बोट थेट तक्त्यावर.
‘एकोणीस तारीख, दुपारचे दोन.
बासष्ट नाई वो, बहात्तर होते.’

रजिस्टर उघडलं. बहात्तर.
चार प्रती, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं.
मी पिशवीतून व्हाइटनर काढला.
‘हाट्. थे नोको.’

रजिस्टरात खोडत नाहीत.
एक रेघ मारायची, चुकलेलं खालून दिसेल अशी,
वर खरा आकडा,
बाजूला सही.

आता चारही प्रतींत, तक्ता क्रमांक तीन,
निळ्या शाईत: डो. म. नैताम.
प्रमाणपत्रावर साहेबांची सही
अजून यायची आहे.