दहा फुटांवरचा पौष

पूर्णगडच्या अंगणवाडीमागे चर खणताना
हसनमियाँ मुकादमने पहार उपसली
आणि टोक माझ्या गालाला लावलं.
वर वैशाख, जांभ्यावर पाय ठरत नव्हता.
दहा फुटांवर अजून पौष चालू होता.

तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं.
गावच्या कबरी मीच खणतो, तो म्हणाला,
उन्हाळ्यात एकदा आत उतरलं
की लवकर वर यावंसं वाटत नाही.

साठ हात पाइप पुरला, उतार देऊन,
कारण इथली हवा खाडी पिऊन येते
आणि गारव्याला टेकली की पाझरते.
टोकाला खड्डा. खड्ड्यात बादली.

पंखा सुरू केला तेव्हा पत्रा तडतडत होता.
जाळीतून आली ती हवा
गार म्हणावी अशी नव्हती;
विहिरीच्या कठड्याला टेकल्यासारखं वाटलं, एवढंच.
थर्मामीटर चार अंश उतरला आणि तिथेच बसला.
एवढ्यासाठी एवढं खणलंत?
सुर्वेबाई खिचडीचं झाकण पाडत म्हणाल्या.

मग खोतांची निमा जाळीपाशी आडवी झाली.
तिच्याशेजारी झुबेर. मग तांडेलांची जुळी.
दीड वाजेपर्यंत एकोणीस पोरं
वाळूवर मांडलेल्या बांगड्यांसारखी
एकाच दिशेला डोकी करून
घामाशिवाय झोपली.

बाई वही घेऊन वारा घालायला बसल्या होत्या सवयीने.
वही मांडीवर तशीच राहिली.

संध्याकाळी बादली अर्धी भरलेली.
हसनमियाँने ती उचलली,
अबोलीच्या वाफ्यात रिकामी केली
आणि चर बुजवलेल्या मातीवरून
अनवाणी चालत घरी गेला.