आधाररेषा

बिसाऊत दुपारी अडीचला वीज जाते,
तेव्हा मी प्रश्न क्रमांक एकोणीसवर असते.
संस्थेच्या क्षमतेचे वर्णन करा, दोन हजार अक्षरांत,
रिकाम्या जागा धरून.
रिकाम्या जागा आमच्याकडे पुष्कळ आहेत:
लेखापालाची खुर्ची, हवामान खात्याचं कपाट,
जनरेटरची टाकी.

ही मदत नव्हे, मदतीच्या तयारीची मदत.
म्हणजे पैसे मागायला लायक व्हावं
म्हणून आधी थोडे पैसे मागायचे,
तेही मागतोय असं वाटू न देता.
ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हे मलाही कळतं.
पण इथे भांडंच आधी मागवून घेतात,
उपडं करून बघतात, गळतं का, कुठे गळतं,
मागच्या मंत्र्याच्या वेळी किती गळलं.
ताकाचं पुढच्या बैठकीत.

डाकारहून सल्लागार आला, तीन दिवसांसाठी.
भला माणूस, काजूगर खिशात घालून हिंडायचा.
म्हणाला, एर्मेलिंडा,
खारं पाणी भातात शिरतं, असं नका लिहू.
लिहा: किनारपट्टीची असुरक्षितता.
मी लिहिलं.
वाक्यातून पाणी गेलं, मीठ गेलं, भात गेला,
शेवटी क्रियापदही उरलं नाही.

मग तीस वर्षांच्या नोंदी मागितल्या.
कुठून देणार?
युद्धाच्या साली सैनिक खात्यात राहायला होते,
पावसाच्या अठरा वर्षांवर त्यांनी चहा उकळला.
उरलेली वाळवीने वाचून काढली.

म्हणून मी दक्षिणेला गेले,
दोन बस, एक होडी, आणि शेवटी पाय.
कांपुंतेत म्बानाचा बांध आहे,
चिखलाचा, खारफुटीच्या मुळांनी बांधलेला.
दर वर्षी तो एक हात वर चढवतो
आणि दर वर्षी समुद्र त्याच्याशी बरोबरी करतो.
त्याची बायको सेगुंदा लिहीत नाही.
पण कालवं उघडायच्या सुरीने
तिने घराच्या दारावर खुणा केल्यात,
ज्या साली पाणी जिथवर आलं, तिथे एक.
खालच्या खुणा झिजून गुळगुळीत,
वरची अजून पांढरी, लाकडाचा वास येणारी.
सत्तावीस. मी बोटाने मोजल्या.
तीन कमी पडल्या तर चालेल का, विचारून घेतलं.

फोटो जोडला, परिशिष्ट नऊ.
उत्तर चार महिन्यांनी आलं:
स्रोत रोचक. पडताळणी आवश्यक.

पडताळणीवाला यायला पावसाळे दोन गेले.
सावकाश बोलणारा तरुण, पोलादी टेप,
बूट मात्र शहरातले.
दार होतं तिथेच, म्हणजे घरालाच होतं.
त्याने जमिनीला टेप टेकवला,
सर्वांत वरच्या खुणेपर्यंत नेला,
आकडा मोठ्याने वाचला: एक मीटर बारा.
म्हणजे पाणी इथवर आलं होतं?

सेगुंदा हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत.
इथे नाही, म्हणाली. इथे कधीच नाही.
दार इथे आलं.

घर हलवलं होतं त्यांनी, टेकाडावर,
भिंती नव्या, छप्पर नवं, दार तेवढं जुनं,
चांगल्या लाकडाचं, टाकवेना म्हणून.
तरुणाने टेप गुंडाळला.
रागावला नाही, हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, आधाररेषा कुठली, एवढं तरी हवं.
अक्षांश. रेखांश.
एक चौकोन आहे, तो रिकामा ठेवता येत नाही.

म्बानाने काही न बोलता हात केला खाली,
जिथे भरतीत बांधाची नुसती पाठ दिसते,
बसलेल्या म्हशीसारखी.

मी चपला काढल्या.
यंत्र डोक्याच्या वर धरलं.
गुडघा, मांडी, कंबर.
पायाखाली चिखल, मग काहीतरी कडक.
मागून सेगुंदाची हाक आली,
पाण्यावरून येते तशी, फार जवळून:
थांब, तिथेच.
उंबऱ्यावर आहेस तू.