बी-११७

एकाच टाकीतून येतो रेशाद मसाला,
लालभडक, डोळ्यांना झोंबणारा.
सकाळच्या बरण्यांवर आम्ही एक म्हातारी चिकटवतो,
कानांत कुड्या, खाली नाव: दोना एर्मेलिंदा,
'१९२१ पासून'.
दुपारच्या बरण्यांवर माड, होडी, आणि 'अस्सल गांवठी'.
शनिवारी परदेशी जाणारा माल:
काळं झाकण, मोजकी अक्षरं, तिप्पट भाव.

एर्मेलिंदा कोण गं, मी फ्लावियाला विचारलं.
झाकणं मोजता मोजताच ती म्हणाली,
कोण असणार? दिल्लीकडच्या एका पोराने काढली.
आधी निळे होते डोळे,
कुणीतरी म्हणालं, जरा घारे करा.

मालक मी तीन पाहिले.
म्हणजे पाहिला कुणालाच नाही.
एक फाटकाच्या पाटीवर, एक पगाराच्या चिठ्ठीवर,
आणि परवा नोटीस लागली,
कंपनीला कंपनीने घेतलं.
आम्हाला दोन दोन पेढे.
टाकी तीच. कालथा तोच.

बुधवारी डिचोलीच्या बाजारात
उमाकांतच्या दुकानात दोघी हुज्जत घालत होत्या.
'आमच्यात एर्मेलिंदाच लागते. त्या दुसऱ्याला घरची चव नाही.'
'काहीतरीच! गांवठी तो गांवठी, तिखटच निराळं.'
उमाकांतने माझ्याकडे बोट केलं:
हिला विचारा, प्रशिला तिकडेच कामाला आहे.

नखांत लाल अजून होतं.
मी हात पिशवीत घातला
आणि म्हटलं, दोन्ही चांगले.

त्या गेल्यावर बरणी उलटी केली.
पट्ट्यापट्ट्यांच्या खाली मुंग्यांएवढी अक्षरं:
सर्व्हे नंबर अमुक, पिसुर्ले, सत्तरी.
माझे सासरे त्या नंबरात काजू मळायचे.
आम्ही त्याला वाघऱ्याचा सडा म्हणायचो.
ते नाव मात्र कुठल्याच बरणीवर नाही.

आणि अगदी कडेला, शाई पुसट, बी-११७.
सोमवार, दुसरी पाळी.
वीज गेली होती त्या दिवशी.
फ्लावियासकट आम्ही सहाजणींनी
मसाला हातांनी ढवळला,
खांदे भरून येईपर्यंत,
आणि विठाबाय मधेच शिंकली म्हणून
किती हसलो होतो.

किती झाले, मी विचारलं.
उमाकांत म्हणाला, तू कशाला विकत घेतेस?
मी पैसे मोजले.
पूर्ण भाव. एर्मेलिंदाचा.