तळावरची सहा अक्षरं

मलिकजानच्या तराजूत
पितळी तोट्या, फुटकी समई, आणि हे:
तीन पायांचं, दोन कानांचं, पोट सुटलेलं धुपाटणं.
दोन किलो चारशे.
"पलटणीतल्या कुणाच्या आज्यानं
चीनमधनं आणलेलं म्हणे.
काय बघूलालास, भुजंगा?"

मी उलटं केलं.
तळावर, चौकटीत, सहा अक्षरं.
अक्षर हा माझा धंदा.
शहापुरातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या,
त्यांच्यावर चढलेलं कन्नडही माझ्याच हातचं.
ही वाचता येईनात.
पण एका आडव्या रेघेच्या शेवटी
कुणीतरी ब्रश दाबून मग उचललाय,
कांशात ओतल्यावरही राहिलाय
तो दाब.
तो ओळखला.

ड्रॉइंगचे उपाध्ये सर सांगायचे:
तिकडचे पंडित चित्राआधी
असल्यात धूप घालून नुसते बसत.
धूर सरळ चढेपर्यंत
कागदाला हात नाही.

रात्री दुकानात
टर्पेंटाइनचा डबा लांब सारला.
राखेत अर्धी उदबत्ती खोचली.
समोर उद्याची पाटी, पांढरी, वाळलेली.
कोल्हापूरची शेवटची एसटी गेली,
फळ्या थरथरल्या,
धूर वाकडा.
बसून राहिलो.

तशी घाई नव्हती.
कुठल्या भाषेत लिहायचं
ते गिऱ्हाइकानं अजून कळवलं नव्हतं.