काटेओळ

आमच्या शहरात वार सरत नाहीत, वस्ती करतात.
इतवारी, बुधवारी, शुक्रवारी.
एकदा बाजार भरला आणि उठायचा राहून गेला,
पालांच्या बल्ल्यांना हळूहळू भिंती फुटल्या.
आणि गल्लीला इथे ओळ म्हणतात.
सराफा ओळ, भांडे ओळ,
त्यांच्या पाठीमागे, एक सायकल आणि एक गाय
समोरासमोर आली तर गायीचंच ऐकावं लागे
इतकी अरुंद
काटेओळ.

मी तिथे वर्षातून एकदा जायचो.
वजनमापे खात्याचा माणूस. खाकी पिशवी,
पिशवीत सरकारी वजनं मखमलीत निजलेली,
हातोडी, आणि त्या वर्षाचा ठसा.
लोखंडी वजनाच्या बुडाशी भोक असतं, भोकात शिसं.
त्या शिशावर मी साल ठोकायचो.
इतिहास म्हणाल तर मला तेवढाच येतो.

बाकीचा तुळाराम पौनीकरच्या पोत्यात होता:
शेर, अच्छेर, पावशेर, छटाक.
"किलो आला त्या साली," तो सांगायचा,
"बाया ओट्यावर बसून माह्या बापाशी भांडत.
मले जास्तीचं नाही पायजे बाप्पा,
माहा शेर मले वापस दे."
त्या साली ओळीतली अकराही दुकानं
रात्र रात्र दांड्या घासत बसली.
मिलचा भोंगा झाला की जेवायचं,
पुन्हा झाला की आडवं व्हायचं.
घड्याळ कुणाकडेच नव्हतं. भोंगा फुकट होता.

तो थांबला ती तारीख कुणी वहीत घातली नाही.
शब्बीर हुसेन कांटेवाले एवढंच म्हणाले,
"उस दिन खाने को कोई उठाच नहीं."
मग पाचपावलीहून सुताचे काटे दुरुस्तीला येईनात.
मग सुताराम्हातारा येईना, लाकडी दांड्यांचा.
मग मीच कमी वेळा जाऊ लागलो.

चंद्रभागा शेंडे मात्र दर साली यायची,
शिंगाडे विकायची, टोपलीला तळ्याचा वास.
एकदा तिच्या पारड्याखाली
लाखेने चिकटवलेला चिंचोका सापडला.
पासंग.
"साहेब, काटाच वाकडा हाय," ती म्हणाली,
"मी त सरळ करून राहिली."
मी चिंचोका उपटला. पारडं झुकलं
गिऱ्हाइकाच्या तोट्याकडे.
खरं बोलत होती.
नियमात चिंचोका नव्हता. मी पावती फाडली.
तिने कनवटीच्या नोटा मोजल्या, दोनदा,
आणि जाताना मूठभर शिंगाडे
माझ्या टेबलावर ठेवले. न तोलता.

नंतर आकडे लाल झाले.
आता काट्याला काटा नसतो.
पूर्वी तो थरथरायचा, थांबायला वेळ घ्यायचा,
तेवढ्या वेळात दोन माणसं
एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

परवा गेलो. ओळीत मोबाईलची कव्हरं,
सणाच्या तोंडावर राख्या, मग फटाके, मग पुन्हा कव्हरं.
तुळारामचा नातू पोती रिकामी करत होता.
भंगारवाल्याने वजनांचं वजन केलं,
लाल आकड्यांवर.
ठशांप्रमाणे दोनशे चौदा किलो,
भरली दोनशे अकरा.
"झिजली," भंगारवाला म्हणाला.
पोट्टा हसला, "तीन किलो गेले कुठं बे?"

कुठे जाणार.
साखरेत, तुरीच्या डाळीत, पोह्यांत,
बोटांबोटांनी थोडं थोडं
या शहराने खाल्लं असेल.

मी काही बोललो नाही. पेन्शनवर असलेल्या माणसाने
हिशेबात पडू नये.

चिंचोका अजून माझ्या खणात आहे.
जप्तीच्या यादीत तो मी लिहिलाच नव्हता.