सतरावी काडी

सकाळी सहाला ओट्यावर बसतो.
पुढ्यात आरसा, वाटीत उकळून घेतलेल्या कुल्फीच्या काड्या.
एकीवर एक रचायच्या, उरलेल्या दातांच्या फटीत सरकवायच्या
आणि मनात शंभर मोजायचे.
सुरुवातीला तोंड नऊ काड्यांएवढं उघडायचं.
आता सोळा.
सतरावी अजून आत येत नाही.

काड्या पुरवते नात.
शाळेच्या गेटवर कुल्फी खाते, काडी दप्तरात टाकते,
वर उपकार माझ्यावरच :
"ताता, तुझ्यापायी घसा बसला की माझा."
एक काडी नारिंगी झालीय, ती मी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवतो.
चव कळत नाही अजून. रंग कळतो.

पस्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली.
धागा तुटला की दोन बोटांत गाठ,
डोळे दुसरीकडे असले तरी.
गाठ या शब्दाचं मला कधी काही वाटलं नाही.
बार्शीच्या दवाखान्यात पोरसवदा डॉक्टरीणबाई
गालात बोट फिरवून म्हणाल्या, "काका, गाठ आहे."
मी हसलो.
सवयीनं.

लोक म्हणतात, झुंज दिलीस बे.
झुंज कसली?
तेहतीस दिवस सकाळची बार्शी गाडी धरली,
वैरागपर्यंत झोपलो,
तिथं टेबलावर निजलो, तोंडावर जाळीचा मुखवटा, बाजूला चाप.
मशीन फिरली. मागापेक्षा कमी आवाज तिचा.
उठलो, केळं कुस्करून खाल्लं, परत गाडी.

गाडीत वडाळ्याचे मौला मास्तर असायचे.
त्यांचा आवाज डॉक्टरांनी काढून घेतला होता,
मास्तरांनी पाटी काढली.
रोज लिहायचे : मीठ लागलं का?
मी मान हलवायचो, नाही.
ते पुसायचे, लिहायचे : उद्या लागेल.
दिवाळीनंतर त्यांची जागा रिकामी राहिली.
मुलानं पाटी मला आणून दिली.
ती मी पुसलेली नाही.

थुंकी आटलीय. दोन घोट घेतल्याशिवाय
शब्द जिभेवरून सुटत नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणजे गावाचं आणि माझं एकच दुखणं.
बाटली घेऊन फिरतो. लाज गेली.

नरसव्वा अजून विड्या वळते.
तंबाखूवर घर चाललं, तंबाखूनं गाल नेला,
यावर आम्ही बोलत नाही.
ती फक्त पीठ मळण्याआधी
दोनदा हात धुते, मग हुंगून बघते.
माझ्यासाठी बिनतिखटाची शेंगाचटणी कुटते.
सोलापुरात हा गुन्हा आहे,
म्हणून दार लोटून घेते.
भाकरी दुधात विरघळेपर्यंत थांबायचं,
घाईनं जेवणारा माणूस मी,
आता एका भाकरीला पाऊण तास लागतो.
त्या पाऊण तासात कळलं,
शेजारच्या घरात कुणीतरी बासरी शिकतंय, वाईट वाजवतंय,
आणि बायकोला माझ्याशी बोलायला बरंच काही आहे.

मुखवटा दवाखान्यानं घरी दिला.
नरसव्वा म्हणाली, टाका ते भूत.
नातीनं तो कढीपत्त्याच्या रोपावर घातला,
शेळ्या तोंड लावतात म्हणून.
माझं कपाळ, माझं नाक, माझी हनुवटी,
आतून हिरवं.
परवा डाव्या डोळ्यातून एक फांदी बाहेर आली.

दर तीन महिन्यांनी तपासणी.
आदल्या रात्री आम्ही दोघं झोपल्याचं सोंग करतो,
दोघांनाही ते ठाऊक असतं.
काल पहाटे तीनला नळ वाजला.
जागेच होतो, हंडे भरून टाकले,
ती म्हणाली, "बरं झालं, उद्याचं काम आज झालं."
मग ओट्यावर बसलो.
आरसा. सोळा काड्या. शंभर.

सतरावीचं टोक दाताला लागलं आणि तिथंच थांबलं.
असू दे.
ती सदऱ्याच्या खिशात ठेवली,
पाण्याची बाटली भरून घेतली,
आणि बार्शी गाडीला गेलो.