सात इंच

बारा इंच लागतात.
बारा इंच बर्फ झाल्याशिवाय गाडी तळ्यावर न्यायची नाही,
हा ठराव माझ्याच अक्षरात आहे, सन एकोणनव्वदचा,
अनुमोदन आर्वो लेह्तोनेन.
तेव्हा आम्ही एकेचाळीस सभासद होतो.
आता नऊ, त्यांतल्या तिघांना ऐकू कमी येतं,
त्यामुळे ठराव हल्ली लवकर मंजूर होतात.

गाडी म्हणजे नुसता सांगाडा.
इंजिन काढलेलं, तेलाचा थेंब ठेवलेला नाही,
माशांनी आमचं काय घोडं मारलंय?
दारावर पिवळ्या रंगात क्लबचं नाव,
आणि बंपरपासून दोर, थेट काठावरच्या घड्याळापर्यंत.
एप्रिलात बर्फ कुरकुरतो, गाडी बुडते,
दोर ताणला जातो, घड्याळ थांबतं.
ज्याच्या तिकिटावर ती तारीख, ते मिनिट,
त्याला निम्मे पैसे.
निम्मे व्हॅनला.
व्हॅन डायलिसिसची माणसं थंडर बेला नेते,
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर,
आणि तिचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायांवर प्रसन्न आहे.

यंदा आर्वो रोज उजाडता गिरमिट घेऊन तळ्यावर.
नाताळात तीन.
जानेवारी सरता पाच.
फेब्रुवारीच्या दहा तारखेला सात,
दुसऱ्या दिवशीही सात,
मग सहा.
थेंबे थेंबे तळं साचतं, कबूल.
साचलेलं गोठवायचं कुणी?

तिकिटं तर नोव्हेंबरातच खपलेली.
डेल्फीनने विकली, किराणा दुकानाच्या दारात,
हॉकीच्या मध्यंतरात,
एकदा तर दफनानंतरच्या सँडविचांपाशी उभं राहून.
अकराशे चाळीस. दोन डॉलरला एक.

मार्चच्या सभेपर्यंत गाडी हॉलच्या मागेच,
मागच्या सीटवर कुणाची तरी मांजर व्यालेली.
खजिनदार वॉल्टर म्हणाला, पैसे परत.
डेल्फीन म्हणाली, कोण येणारे दोन डॉलर मागायला?
वॉल्टर म्हणाला, ते ज्याचं त्याने ठरवायचं.
मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

शनिवारी पॅनकेकची न्याहारी, दाराशी परताव्याचं टेबल.
वॉल्टरने बँकेतून कोरी नाणी आणलेली,
चळती लावून बसला, टाय घालून.
लोक आले, जेवले,
टेबलावरून जाताना बुटांच्या नाड्या बघत गेले.
मॉरीन, जी स्वतः त्या व्हॅनमधून जाते,
दहा तिकिटं हातात धरून टेबलापर्यंत आली
आणि वॉल्टरच्या गुडघ्याची चौकशी करून परतली.

साडेदहाला एक मुलगा.
मिल रोडच्या ट्रेलरमधला इलायस, पायांत थोरल्या भावाचे बूट,
तिकिटाची चौघडी.
एकोणीस एप्रिल, चार वाजून सात मिनिटं.
"गाडी बुडलीच नाही," तो म्हणाला.
हॉलमधले काटे-चमचे थांबले.
डेल्फीनच्या ओठांवर 'व्हॅन' हा शब्द येऊन उभा,
कुणाचा तरी हात स्वतःच्या पाकिटाकडे.
वॉल्टरने सगळ्यांना एका बोटाने गप्प केलं.
तिकीट उलगडलं, नंबर ताडून पाहिला,
सही घेतली, नाणं दिलं,
आणि क्लबतर्फे दिलगिरी व्यक्त केली,
उभं राहून.

मी वहीत लिहिलं: परत, दोन डॉलर.
शिल्लक दोन हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर.
इतक्या वर्षांत इतका सुबक आकडा लिहिल्याचं मला आठवत नाही.

मुलगा गेला नाही.
नाणं उलटंसुलटं करून बघत राहिला.
त्यावर अस्वल असतं, पांढरं,
बर्फाच्या एका तुकड्यावर उभं.
"याच्या खाली किती इंच आहे?"

सकाळपासून आर्वो एक शब्द बोलला नव्हता.
त्याने खिसे चाचपून चष्मा काढला,
नाणं खिडकीपाशी नेलं,
बराच वेळ पाहिलं.
"थांब," म्हणाला,
"गिरमिट आणतो."